जेटीच्या टोकाचा दगड आणि नियम क्रमांक दोन

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

अंधेरी, गुरुवार

तीर्थरूप जयवंतमामांच्या पायांशी भाचा नंदकुमार याचा दंडवत. (कंबर धरली आहे, त्यामुळे दंडवत अर्ध्यावर थांबला असं समजावं. उरलेला गावी आल्यावर घालीन.)

तुमचा गुडघा कसा आहे? देवळाच्या पायऱ्या अजून दोन वेळा चढता, की संध्याकाळची दिवाबत्ती धाकट्याकडे दिलीत? मामीचा खोकला थांबला का? तांबू गाय व्यायली असेल तर तसं कळवावं. (खरवसाची आशा ठेवून मी विचारत नाही. शेवंती विचारायला सांगते आहे.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. श्रुतिका बारावीला आहे. मी कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा तिने विचारलं, "बाबा, गावाकडचं कोणी गेलं का?" हल्ली घरात कागदावर कोणी लिहिताना दिसलं की मुलांना काळजी वाटते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून ओटीवर मांडता आणि मग त्यात वाडीतला प्रत्येक जण आपापलं मत घालतो. मला जे सांगायचं आहे ते देवाधर्माचं आहे आणि माझ्या मूर्खपणाचं आहे. चाळीस वर्षं देवाच्या सेवेत असलेल्या माणसाने ते एकट्याने वाचावं, एवढीच इच्छा.

तुम्हाला ठाऊक आहे, मी कॉलेजच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं पुस्तकं उचलून जागच्या जागी ठेवतो. काम शांततेचं आहे, तरी माझं ब्लडप्रेशर वाढलं. (शांतता राखा असा बोर्ड ज्याच्या डोक्यावर टांगलेला असतो, त्यालाच ती राखावी लागते. विद्यार्थी तो बोर्ड बघून हळू आवाजात बोलतात, पण सगळे एकदम बोलतात.) डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एकदा कुठेतरी पाण्याकडे बघत बसा. त्यांच्या मनात बहुधा तलावाकाठचा बाक असावा. मी माळ्यावरून मासे धरायची गरी काढली. तीच, जी तुम्ही मला ओढ्यावरच्या साकवावर बसून धरायला शिकवली होती. दोरीला बोट लावून ठेव, मासा काय विचारतो ते बोटाला कळतं, असं तुम्ही सांगितलं होतं. मामा, चाळीस वर्षांनी ती दोरी बोटाला लावली आणि बोटाला अजून कळत होतं. मला याचं फार आश्चर्य वाटलं. शाळेत पाठ केलेले पाढे गेले, हे राहिलं.

तर दर रविवारी सकाळी मी चार बंगल्याहून वेसाव्याला जातो आणि फेरीबोटीने पलीकडे मढला उतरतो. बोट पाच मिनिटांत पलीकडे नेते, पण त्या पाच मिनिटांत मुंबई मागे राहते आणि समोर वाळत घातलेले बोंबील दिसायला लागतात. तिथून थोडं चाललं की एक जुनी जेटी आहे. कोळी लोकांच्या होड्या लागतात, आणि रविवारी टोकाला आमच्यासारखे पाच-सहा नवखे गळ टाकून बसलेले असतात. पहिल्या दिवशी मी तिथे उभा राहिलो आणि बराच वेळ गळ टाकायचंच विसरलो. एवढं पाणी कोणाच्याही परवानगीशिवाय वर येतं आणि खाली जातं, आणि ते कुठल्या दिवशी किती वाजता जाईल हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्या ग्रंथालयात एवढी शिस्त एका कपाटात नाही.

जेटीच्या सुरुवातीला बोर्ड होता. मी बोर्ड पाळणारा माणूस आहे. आपल्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, भिंतीवर लिहिलेलं दोनदा वाचायचं आणि मग पुढे पाऊल टाकायचं. म्हणून दोनदा वाचलं. "सूचना. १. जेटीवर मासे साफ करण्यास सक्त मनाई आहे." त्याच्या खाली कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता, काळा चष्मा लावलेले भाऊ हात जोडून उभे, आणि कडेने शुभेच्छुकांची पंधरा लहान तोंडं. नियम एक, आणि त्याखाली हात जोडलेला माणूस. मला वाटलं, नियम पाळा म्हणून विनंती करतो आहे. मी मनातल्या मनात बरं म्हणालो आणि पुढे गेलो. इथूनच सगळं बिघडलं, पण त्या वेळी मला ते फार सभ्य वाटलं होतं.

तो नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. जेटीच्या अगदी टोकाला, चार चिऱ्यांवर एक काळा दगड आडवा ठेवलेला होता. जेवणाच्या पाटाएवढा लांबरुंद, पण वीतभर जाड. वरून असा गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. मधोमध तळहात मावेल एवढा खोलगट भाग, त्यात समुद्राचं उडालेलं पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात आकाश. दगडावर हळद-कुंकू, एक झेंडूचं फूल आणि नारळाची भकलं. मामा, मी चपला काढल्या. मला वाटलं, किती पिढ्यांनी इथे डोकं टेकलं असेल की दगड मधून झिजावा. अंगावर काटा आला. आपल्या विहिरीजवळच्या फणसाखालच्या देवाला करतो तसाच नमस्कार केला आणि हळू आवाजात छोटंसं गाऱ्हाणं घातलं, की बा महाराजा, तुझ्या जागेत आलो आहे, चुकलंमाकलं पदरात घे. (शेवटी "व्हय महाराजा" म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून तेही मीच म्हणालो.) अर्ध्या तासात तांबोशी लागली, हातभर.

माझ्या शेजारी चंद्रप्रकाश म्हणून एक गृहस्थ बसतात. घाटकोपरला पाण्याचे पंप दुरुस्त करतात. त्यांची काठी परदेशी आहे, तिला चक्र आहे, घंटी आहे, टोकाला रात्री चमकणारं काहीतरी आहे; फक्त मासा नसतो. त्यांनी माझी तांबोशी पाहिली, मग दगडाकडे पाहिलं.

"काय हो, कुठला देव हा?"

"जागेवाला असणार, इथली राखण करणारा," मी म्हणालो.

"पॉवरफुल आहे?"

मी नुसती पिशवी उघडून दाखवली. त्यांनी बूट काढून नमस्कार केला आणि मामा, खोटं सांगत नाही, दोन वर्षं दुसऱ्या खाड्यांत ज्यांना खेकड्याशिवाय काही लागलं नव्हतं त्यांना या जेटीवर पहिल्याच दिवशी जिताडा लागला. ते घाटकोपरपर्यंत तो जिताडा मांडीवर घेऊन गेले. त्यांच्या मेव्हण्याचं टाइल्सचं दुकान आहे, एवढं सांगितलं की पुढचं तुमच्या लक्षात येईल.

दुसऱ्या रविवारी दगडाभोवती पांढऱ्या टाइल्स. तिसऱ्याला घंटा. चौथ्याला चार पाइप आणि वर पत्रा. (कोळी मोसमाच्या गडबडीत, आणि देवाच्या कामाला नको कोण म्हणणार?) पाचव्याला "चपला बाहेर काढाव्यात" अशी पाटी, आणि मालाडहून दोन माणसं आली, जी मासे धरतही नव्हती, नुसती दर्शनाला आली होती. कोणी काही विचारलं की चंद्रप्रकाश माझ्याकडे बोट दाखवायचे, "यांनी ओळखला. कोकणातले आहेत, यांच्या घरात देवस्थान आहे." मी काही बोलत नसे. मी बोलत नाही याचा अर्थ मला पुष्कळ ठाऊक आहे असा लोक घेतात, हे मी ग्रंथालयातही पाहिलं आहे.

आणि या काळात नियम क्रमांक एक आम्ही काटेकोर पाळत होतो. जेटीवर कोणी मासा साफ करत नव्हतं. माशाला आतडी-खवल्यांसह घरी नेत होतो. एकदा शिंगाळा मिळाला. शिंगाळा पाण्याबाहेर काढला तरी तासभर जिवंत राहतो आणि गुरगुरतो, हे तुम्हाला माहीत आहे. अंधेरीच्या बसमधल्या लोकांना माहीत नाही. पिशवी मांडीवर होती. तो गुरगुरला की शेजारचे गृहस्थ माझ्या पोटाकडे बघायचे. तिसऱ्यांदा गुरगुरला तेव्हा त्यांनी खिशातून हाजम्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, मला पण होतो हा त्रास. मी गोळी खाल्ली. दुसरं काय करणार होतो.

घरी शेवंतीने मोरीत बसून सगळं साफ करायचं. महिन्याभरात खवल्यांनी मोरी तुंबली आणि ते पाणी खालच्या मजल्यावर उतरलं. शेवंती म्हणाली, "तुमच्या जेटीवर सुरी चालत नाही आणि माझ्या मोरीत चालते होय? देवाला टाइल्स बसल्या, आता मोरीला बसवा." मी तिला नियम समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, "असा नियम कोळ्यांनी केला? कोळ्यांनी?" मामा, तिला ती जेटी न बघता जे कळलं ते मला सहा रविवार तिथे बसून कळलं नव्हतं.

सातव्या रविवारी सोनूबाई परत आल्या.

सोनूबाई म्हणजे तिथल्याच कोळीवाड्यातल्या, सत्तरीच्या पुढच्या. नातीच्या बाळंतपणाला उत्तनला गेल्या होत्या, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी. सव्वा महिना होऊन वर आठ दिवस झाल्यावर आल्या. एका हातात प्लास्टिकचं स्टूल, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली कोयती. (बायका मासे कापायला वापरतात ती, हिचं पातं झिजून अर्धं झालं होतं.) त्या सरळ टोकाकडे चालत आल्या आणि टाइल्सपाशी येऊन थांबल्या. वर पत्र्याकडे पाहिलं. घंटेकडे पाहिलं. मग दगडाकडे असं पाहिलं, जसं आपण खूप दिवसांनी घरी यावं आणि आपल्या आईच्या अंगावर कोणा दुसऱ्याचं लुगडं दिसावं. (त्यांची बोली मला लिहून दाखवता येत नाही, जमेल तेवढी लिहितो.)

"माझे दगडाला छप्पर कोनी घातला?"

"आजी, चपला," चंद्रप्रकाश म्हणाले.

"तुझा बाप काढील चपला. मी चाळीस वर्सं हितं बसून मासे साफ करते."

तेवढ्यात निमेश आला. तो तिथल्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी, तिशीतला, भला मुलगा आहे. भाऊंचा वाढदिवस होऊन दोन महिने झाले होते आणि कोणाच्या तरी होडीवर झाकायला फ्लेक्स हवा होता, म्हणून तो बोर्डावरून सोडवायला आला होता. आम्ही सगळे बघत होतो. त्याने वरची दोरी सोडली, भाऊंचं डोकं खाली वाकलं आणि मागून एकेक नियम वर येऊ लागला. २. साफ करायचे असल्यास फक्त टोकाच्या दगडावर करावेत. ३. खवले व आतडी पाण्यात टाकू नयेत, पिंपात टाकावीत. ४. काम झाल्यावर दगड खाऱ्या पाण्याने धुवून ठेवावा. ५. दगडावर बसू नये, पाय ठेवू नये.

पाचवा वाचून चंद्रप्रकाश म्हणाले, "बघा, देवच आहे."

मामा, मी पाचही नियम दोनदा वाचले. जो खोलगट भाग मला पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यांनी झिजलेला वाटला होता, तो सोनूबाईंच्या आणि त्यांच्या सासूच्या कोयतीने झिजला होता. आणि तरी, मी कितीही स्वतःला मूर्ख म्हणालो तरी, पहिल्या दिवशी अंगावर आलेला काटा काही खाली बसला नाही. उलट वाढला. साठ वर्षं दोन बायका रोज सकाळी एका जागी बसल्या की एवढा दगड झिजतो. डोकं टेकून झिजवायला याहून जास्त वर्षं लागली असती.

निमेशने मला नियमांमागचं कारण सांगितलं. बोर्ड त्याच्या वडिलांनी रंगवून घेतला, पण नियम सोनूबाईंच्या सासूचे. आतडी पायऱ्यांपाशी पाण्यात टाकली की शिंगाळे तिथेच जमतात, आणि होडीतून उतरणाऱ्याचा पाय त्यांच्या काट्यावर पडतो. खवले जेटीवर सांडले की टोपली डोक्यावर घेतलेली बाई घसरते. एक घसरली होती, ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. म्हणून साफ करायचं ते एकाच जागी, अगदी टोकाला, जिथून कोणाला चढायचं-उतरायचं नसतं. आणि गोड्या पाण्याने धुवायचं नाही, कारण गोडं पाणी तिथे प्यायला पुरत नाही. एवढा सगळा विचार पाच ओळींत. मी ग्रंथालयात नियमांची जाडजूड पुस्तकं रोज पुसून ठेवतो, पण नियम म्हणजे कोणाचा तरी पाय वाचवण्यासाठी केलेली गोष्ट, हे मला पन्नाशीला टेकल्यावर एका जेटीवर कळलं.

पण कळून उपयोग काय? देव एकदा बसला की उठवायला माणूस मिळत नाही. सोनूबाई दगडाजवळ गेल्या तर मालाडचे दोघे म्हणाले, आजी, बाजूला बसा, इथे मासे नकोत. मला वाटलं, आता त्या सगळ्यांना जेटीवरून खाली ढकलतील. त्यांच्या आवाजाची मी तयारी ठेवली होती. त्यांनी नुसतं दगडावरच्या फुलांकडे पाहिलं, टाइल्सच्या बाहेर स्टूल ठेवलं आणि कोयती फडक्यासकट मांडीवर घेऊन बसल्या. दुपारपर्यंत तशाच. पुढच्या रविवारीही तशाच. यजमान गेले तेव्हा त्यांची होडी विकली गेली. तेव्हापासून गळाला आलेले आणि होडीतून उतरलेले मासे साफ करून देणं हेच त्यांचं काम. चंद्रप्रकाशांना मासा लागला की ते तो सोनूबाईंसमोरून पिशवीत घालून घाटकोपरला नेत आणि सोनूबाई त्या माशाकडे बघत. त्यांचे हात मांडीवर आपोआप हलायचे. मी पाहिलं आहे. मग मी गळ टाकणं बंद केलं आणि नुसता दोरी गुंडाळत बसलो.

परवा निमेशचा फोन आला. येत्या रविवारी दहा वाजता सोसायटीची वार्षिक सभा, जेटीवरच. काही सभासदांचं म्हणणं आहे की टोकाला देवस्थान झालं आहे तर नियम क्रमांक दोन खोडून टाकावा, उगाच देवाची विटंबना नको. तसं झालं तर बोर्डावर पहिल्या नियमाची मनाई तेवढी उरेल, मी पहिल्या दिवशी वाचला तसा, आणि सोनूबाईंची जागा कायमची जाईल. निमेश म्हणाला, "काका, देव तुम्ही आणलात. आता तुम्हीच बघा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून झोप उडाली आहे. देव नव्हता असं म्हणावं, तर नसलेला देव बसवल्याचं पाप माझं. होता असं म्हणावं, तर एका म्हातारीचं पोट मारल्याचं पाप माझं. आणि मनातून खरं विचाराल तर मला अजूनही तो दगड पाहिला की हात जोडावेसे वाटतात.

बाकी विशेष काही नाही. सहज मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. मामीला नमस्कार, गुराढोरांवरून हात फिरवावा.

तुमच्या मांडीवर वाढलेला,
नंदू

ता. क. — सहज लिहिलं असं वर म्हटलं आहे ते खरं नाही. एक काम आहे. रवळनाथाला कौल लावावा. प्रश्न असा घालावा की, मढच्या जेटीच्या टोकाला जो आहे तो देव असेल तर उजवं दे, नुसता दगड असेल तर डावं दे. तांदूळ ओले करून मूर्तीच्या दोन्ही बाजूंना नीट चिकटवावेत, मागच्या वेळी पंख्याच्या वाऱ्याने पडले होते आणि त्या कौलावर तुमच्या धाकट्याचं लग्न ठरलं. उत्तर मला रविवारी दहाच्या आत हवं. (पत्र पोचायला चार दिवस लागतात हे आत्ता लक्षात आलं. तरी लावावा. देवाला मागचं-पुढचं सारखंच.) डावं आलं तर लोकांना दाखवायला दोन ओळी तुमच्या सहीने लिहून द्याव्यात. माझ्या शब्दावर बसलेला देव माझ्या शब्दावर उठेल असं वाटत नाही.

ता. क. दुसरा, रविवार संध्याकाळ — पाकीट तिकिटाअभावी खिशातच राहिलं. कौलाचं काम रद्द समजावं. काय झालं ते लिहितो.

आज सकाळी सातलाच जाऊन बसलो. ग्रंथालयाच्या जुन्या कार्डाच्या मागे भाषण लिहून नेलं होतं. गळ टाकला, पण दहा वाजत आले तरी काही नाही. सभासद जमले, खुर्च्या मांडल्या, निमेशने वही उघडली. सोनूबाई आपल्या स्टुलावर, मांडीवर फडकं. मी मनात म्हणालो, बा महाराजा, तू जो कोण असशील तो, आता एक बारका तरी दे. आणि दोरी बोटाला काहीतरी विचारायला लागली. तांबोशी. वीतभरच, पण तांबोशी.

मी ती दोन्ही हातांत धरून सोनूबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. कार्ड खिशात होतं आणि हात माशाने भरलेले. जे तोंडातून आलं ते एवढंच, "आजी, एवढी साफ करून द्याल? टोकाच्या दगडावर. नियम दोन."

चंद्रप्रकाश म्हणाले, "अहो, देवावर?"

"देव आहे हे मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "मला काही माहीत नव्हतं. कुंकू बघितलं आणि सांगितलं." हे मी ग्रंथालयात दिवसातून दहा वेळा म्हणतो, मला माहीत नाही म्हणून, पण तिथे समोर एकच विद्यार्थी असतो. इथे चाळीस माणसं खुर्चीत होती.

सोनूबाईंनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "कुंकू? ता मी लावला."

नारळी पौर्णिमेला सगळे आपापल्या होडीची पूजा करतात. यांची होडी गेलेली. तर त्या दर वर्षी दगडाची करतात, हळद-कुंकू, फूल, नारळ. तेच मी पाहिलं होतं.

"म्हणजे देव नाहीच," मालाडमधला एक जण म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं होतं.

"नाय कोन बोलला?" सोनूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं मना खायला घालतंय. तुमचा हाय आठ आठवड्यांचा, माझा हाय चाळीस वर्सांचा."

"मग आजी, त्याच्यावर कापायचं कसं?" चंद्रप्रकाशांनी विचारलं. ते खरंच विचारत होते, अगदी हळू.

"मंग काय त्याला बिनकामाचा बसवू?"

त्या उठल्या. दगडावरची फुलं दोन्ही हातांनी गोळा करून कडेला ठेवली, हात जोडले, दोरीच्या बालदीने खारं पाणी काढून दगडावर ओतलं, फडकं सोडलं आणि बसल्या. मामा, तुम्ही देवाला स्नान घालताना मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून कितीदा पाहिलं आहे. हात तसेच होते. मनगटाचा खालचा भाग त्या खोलगट जागेत असा बसला, जसा पाय जुन्या वहाणेत बसावा. खवले एका दिशेला, एकही बाहेर नाही. कल्ले, आतडी पिंपात. आतड्याकडे एकदा पाहून म्हणाल्या, खाडीतली आहे, काल रात्री आत आली, कोळंबी खाल्ली आहे. मिनिटही लागलं नसेल. मला कोणीतरी मागून धक्का देईपर्यंत मी हात जोडून उभा होतो, आणि कोणाला जोडले होते ते मला सांगता येणार नाही.

मग चंद्रप्रकाश आपली पिशवी घेऊन रांगेत उभे राहिले. त्यांच्यामागे मालाडचे दोघे. (त्यांच्याकडे मासा नव्हता. तरी उभे राहिले.)

सभेत ठराव झाला. नियम दोन तसाच राहील. पत्रा राहील, आजीला सावली होते. घंटाही राहील, एकाचं काम झालं की त्या ती वाजवतील आणि पुढचा येईल. बोर्डावर सहावा नियम घालायचा ठरलं, शब्द मीच लिहून दिले: "साफ करण्याआधी दगडास नमस्कार करावा. चपला काढू नयेत, खवले टोचतात."

ता. क. तिसरा — आता खरं काम. हे मात्र एकट्यानेच वाचावं.

परतताना फेरीबोटीत बसलो होतो आणि मला आपल्या विहिरीजवळचा, फणसाखालचा काळा दगड आठवला. सहा वर्षांचा होतो तेव्हा एका सकाळी त्याच्यावर कुंकू दिसलं, तेव्हापासून मी गावी आलो की रोज आंघोळ करून त्याच्यापुढे डोळे मिटून उभा राहतो. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नाही. आज बोटीत आठवलं की डोळे उघडले की मामी नेहमी बाजूला उभी असायची, कडेवर धुण्याची बादली घेऊन. मी ओटीपर्यंत पोचलो की मागून कपडे आपटल्याचा आवाज सुरू व्हायचा. एवढी वर्षं आवाज ऐकला, पण तो कुठून येतो हे मान वळवून पाहिलं नाही.

त्रेचाळीस वर्षं मामी ओल्या बादलीचं वजन घेऊन माझा नमस्कार होईपर्यंत थांबते आहे, आणि एकदाही बोलली नाही. तिला सांगा, दिवाळीला येतो आहे, आता थांबू नकोस. आधी त्या दगडावर तिचं धुणं होऊ दे. मी पिळे धरायला उभा राहीन आणि नमस्कार मागून करीन, दगडाला आणि तिलाही.